ओबो बदलताना: कळांच्या रचनेतील फरक आणि निवड

प्रश्न असा आहे की, विद्यार्थ्यांसाठीच्या साध्या ओबोवर (वेताच्या दोन पातळ पट्ट्यांच्या ‘रीड’मधून फुंकून वाजवायच्या पाश्चात्त्य सुषिर वाद्यावर) काही वर्षे शिक्षण झाल्यानंतर आता वरच्या दर्जाचे वाद्य घ्यायचे ठरले आहे. पण माहितीपत्रकांत कुठे ‘फुल कॉन्झर्व्हेटरी’, कुठे ‘थंबप्लेट’, कुठे ‘ड्युअल सिस्टिम’, कुठे ‘सेमी-ऑटोमॅटिक’ तर कुठे ‘फुल ऑटोमॅटिक’ असे शब्द येतात. यांतला फरक नेमका काय, आणि निवड कशाच्या आधारे करावी? उत्तर थोडे लांबणार आहे, कारण या शब्दांत तीन वेगवेगळ्या बाबींची सरमिसळ झालेली असते. मधल्या सप्तकातले बी फ्लॅट आणि सी हे स्वर (‘फ्लॅट’ म्हणजे अर्धी पायरी उतरलेला, ‘शार्प’ म्हणजे अर्धी पायरी चढलेला) कोणत्या बोटाने काढायचे, ही एक बाब. वरच्या सप्तकात जाण्यासाठीच्या कळा, म्हणजे ऑक्टेव्ह कळा, कशा चालतात, ही दुसरी. आणि वाद्यावर एकूण किती जादा कळा बसवल्या आहेत, ही तिसरी. ‘कॉन्झर्व्हेटरी’ आणि ‘थंबप्लेट’ हे शब्द पहिल्या बाबीबद्दल बोलतात, ‘सेमी’ आणि ‘फुल ऑटोमॅटिक’ दुसऱ्या बाबीबद्दल, आणि ‘फुल’ हा नुसता शब्द तिसऱ्या. ‘फुल कॉन्झर्व्हेटरी’ आणि ‘फुल ऑटोमॅटिक’ यांतला ‘फुल’ सारखा नाही, एवढे ध्यानात आले तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना ते पारखून घेता येईल. ज्या वादकाला विशिष्ट देशाच्या वा विशिष्ट गुरूच्या परंपरेने बांधलेले नाही, त्याने सेमी-ऑटोमॅटिक ऑक्टेव्ह कळांचा, झाकलेल्या छिद्रांचा कॉन्झर्व्हेटरी ओबो घ्यावा, आणि त्यावर डाव्या हाताची एफ कळ, खालचा बी फ्लॅट आणि फोर्क्ड एफसाठीचे (एफ काढण्याच्या एका पर्यायी अंगुलीसाठीचे, त्याबद्दल पुढे) जादा छिद्र ही तीन वैशिष्ट्ये असल्याची खात्री करावी. बाकीच्या कळा सोयीच्या आहेत. या तिन्हींवाचून मात्र पुढे अडते.

आता पहिली बाब. आजच्या ओबोची कळरचना प्रामुख्याने पॅरिसच्या ट्रिबेर घराण्याने घडवली. गियोम ट्रिबेर यांनी 1810 मध्ये कार्यशाळा सुरू केली आणि त्यांचे पुत्र फ्रेदेरिक यांनी एकामागून एक सुधारित रचना काढल्या. त्यांतल्या पाचव्या रचनेत डाव्या अंगठ्याखाली एक पट्टी होती. ही थंबप्लेट ब्रिटनमध्ये रुजली आणि लिऑन गूसन्ससारख्या वादकाने ती आयुष्यभर वापरली. सहाव्या रचनेत अंगठ्याचे ते काम उजव्या हाताच्या तर्जनीकडे गेले. पॅरिसच्या संगीत विद्यालयात झॉर्झ जिले यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हीच रचना शिकवली आणि त्या विद्यालयावरूनच तिला नाव पडले. ट्रिबेरांकडे काम केलेल्या फ्रान्स्वा लॉरे यांनी 1881 मध्ये स्वतःचा कारखाना काढला, आणि 1906 मध्ये जिले व लॉरे कारखाना यांच्या सहकार्यातून छिद्रांवर कड्यांऐवजी चकत्या बसवलेले ‘प्लेटो’ स्वरूप आले. जिले यांचे शिष्य मार्सेल ताब्युतो यांनी तीच परंपरा अमेरिकेत नेली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक ओबोंवर आपण पाहतो ती याच प्लेटो कॉन्झर्व्हेटरीची कुळी आहे.

दोन्हींतला फरक बोटांवर पाहणे उत्तम. डाव्या हाताच्या तर्जनीने पहिले छिद्र झाकले की मधला बी वाजतो, आणि त्यात मधले बोट घातले की ए. कॉन्झर्व्हेटरी ओबोवर या दोन्ही स्थितींत उजव्या हाताची तर्जनी खाली ठेवली की वरच्या भागातले एक छोटे छिद्र उघडते आणि स्वर अर्ध्या पायरीने चढतो: बी चा सी होतो, ए चा बी फ्लॅट होतो. बोट ठेवल्यावर स्वर उतरायचा तो चढतो, याची नवशिक्याला गंमत वाटते, पण चार दिवसांत बोटांना ते सवयीचे होते. थंबप्लेटवर डावा अंगठा एरवी पट्टीवर दाबलेला असतो आणि तो उचलला की हेच छोटे छिद्र उघडते. म्हणजे परिणाम एकच, फक्त एकीकडे उजवी तर्जनी दाबायची आणि दुसरीकडे डावा अंगठा उचलायचा.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण जी वरून सी वर जाऊन पाहावे. जी साठी डाव्या हाताची तिन्ही बोटे खाली असतात. कॉन्झर्व्हेटरीवर सी साठी डावीकडची दोन बोटे उचलायची आणि त्याच क्षणी उजवीकडची तर्जनी खाली टाकायची. एका हाताची हालचाल वर, दुसऱ्याची खाली, आणि दोहोंत केसभर अंतर पडले तरी मध्ये बी वा एखादा अस्फुट स्वर ऐकू येतो. थंबप्लेटवर दोन बोटे आणि अंगठा असे सगळेच एकाच दिशेने उचलले जाते, त्यामुळे संथ, जोडून वाजवायच्या ओळीत हा प्रवास विलक्षण गुळगुळीत होतो. जी ते बी फ्लॅट या अंतरालाही हेच लागू आहे. उलट बाजूही आहे: अंगठ्यालाच पहिली ऑक्टेव्ह कळही सांभाळायची असल्याने थंबप्लेटवर त्याच्यावर दुहेरी जबाबदारी पडते, आणि शिक्षणाची बहुतेक पुस्तके व अंगुलीकोष्टके कॉन्झर्व्हेटरी गृहीत धरूनच लिहिलेली असतात.

ड्युअल सिस्टिम म्हणजे दोन्ही सोयी एकाच वाद्यावर. ब्रिटिश बनावटीच्या वाद्यांत ती विशेष आढळते. जो आधीपासून थंबप्लेटवर शिकला आहे त्याच्यासाठी हा पर्याय निःसंशय उत्तम आहे, कारण जुनी सवय मोडावी लागत नाही आणि नवी हळूहळू लावून घेता येते. जो कॉन्झर्व्हेटरीवरच वाढला आहे त्याने केवळ ‘दोन्ही मिळते’ म्हणून ड्युअल घेऊ नये, असे मला वाटते. वजन थोडे वाढते, जुळवणीचे स्क्रू वाढतात, आणि ज्या अंगठ्याला पट्टी सतत दाबून ठेवण्याची सवय नाही तो नकळत ती सोडतो. मग बी च्या जागी सी निघतो आणि वादक दोष रीडला देत बसतो. काही वाद्यांवर पट्टी स्क्रूने कायमची बंद ठेवण्याची सोय असते. पण ती बंदच ठेवायची असेल तर तिच्यासाठी पैसे का मोजावेत?

उघड्या छिद्रांवर नुसती कडी असलेले ‘रिंग’ ओबो अजूनही, विशेषतः थंबप्लेटच्या परंपरेत, दिसतात. त्यांचा स्वर मोकळा वाटतो, असे त्यांचे चाहते सांगतात. ट्रिलच्या, म्हणजे शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटूनपालटून वाजवण्याच्या, बाबतीत मात्र प्लेटो रचना स्पष्टपणे पुढे आहे. व्हिएन्नाच्या ओबोचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी करतो. त्याची नळी, रीड आणि अंगुलीन्यास हे सर्वच वेगळे आहे, आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या परंपरेत वाजवणाऱ्यांनी तो जपला आहे. त्याकडे वळणे म्हणजे वाद्य सुधारणे नव्हे, दुसरे वाद्य शिकायला घेणे.

दुसरी बाब, ऑक्टेव्ह कळा. माझ्या अनुभवात खरेदीनंतरचा पश्चात्ताप सर्वाधिक इथेच होतो, म्हणून जरा थांबून पाहू. दुसऱ्या सप्तकातील सी शार्प, डी आणि ई फ्लॅट हे स्वर डाव्या तर्जनीने अर्धे छिद्र उघडून निघतात. त्यापुढे ई पासून जी शार्पपर्यंत पहिले ऑक्टेव्ह छिद्र उघडावे लागते, जे अंगठ्याच्या कळेने उघडते. ए पासून वरच्या सी पर्यंत दुसरे छिद्र लागते, जे डाव्या तर्जनीच्या मुळाशी असलेल्या बाजूच्या कळेने उघडते. जुन्या, साध्या रचनेत या दोन्ही कळा स्वतंत्र होत्या. बाजूची दाबताना अंगठा उचलावाच लागे, नाहीतर दोन्ही छिद्रे उघडी राहून स्वर फाटे. सेमी-ऑटोमॅटिक रचनेत बाजूची कळ दाबताच पहिले छिद्र आपोआप बंद होते, मग अंगठा खाली राहिला तरी चालते. वादकाला एकच लक्षात ठेवायचे: ए आला की तर्जनी किंचित बाजूला टेकवायची.

फुल ऑटोमॅटिक रचनेत हेही काम यंत्रणा करते. अंगठा एकच कळ दाबतो, आणि कोणते छिद्र उघडायचे हे डाव्या अनामिकेवरून ठरते. अनामिका खाली असेल, म्हणजे जी शार्पपर्यंतचे स्वर असतील, तर पहिले छिद्र. ती उचलली, म्हणजे ए किंवा त्यावरचा स्वर असेल, तर दुसरे. बाजूच्या कळेची गरजच राहत नाही. जर्मनीत आणि युरोपच्या आणखी काही भागांत ही रचना लोकप्रिय आहे. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेत सेमी-ऑटोमॅटिकचा प्रभाव आहे. जी शार्प आणि ए यांच्या मागेपुढे धावणाऱ्या वेगवान ओळी फुल ऑटोमॅटिकवर खरोखर सहज जातात, हे मी मान्य करतो.

मग अडते कुठे? त्या अनामिकेवरच. नेहमीच्या अंगुलीन्यासाऐवजी हार्मोनिक अंगुलीन्यास वापरताना, म्हणजे खालच्या बी फ्लॅटपासून एफपर्यंतची बोटे ठेवून त्यांच्यावरचा बारावा स्वर काढताना, डावी अनामिका खाली असते आणि तरीही दुसरे ऑक्टेव्ह छिद्र उघडे हवे असते. सेमी-ऑटोमॅटिकवर बाजूची कळ दाबली की झाले. फुल ऑटोमॅटिक यंत्रणा मात्र अनामिका खाली पाहून पहिलेच छिद्र उघडते. वादकाचा हेतू तिला कळत नाही. अतिशय हळू आवाजात, ढगाआड गेल्यासारखा रंग हवा असताना या हार्मोनिकांचा फार उपयोग होतो, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीतात एकाच वेळी अनेक स्वर काढण्याच्या ज्या अंगुल्या सुचवलेल्या असतात त्यांतल्याही काही या यंत्रणेवर जशाच्या तशा चालत नाहीत. शिवाय दोन छिद्रांची अदलाबदल अचूक क्षणी व्हावी लागते. जुळवणी थोडी जरी सरकली तरी जी शार्पवरून ए वर जाताना ‘टक्’ असा आवाज येतो किंवा ए खाली कोसळतो. असे वाद्य घ्यायचे, तर ही यंत्रणा जाणणारा कारागीर हाताशी असलाच पाहिजे.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा बहुतेक जण विसरतात. ओबोवादकाला आज ना उद्या कोर आंग्ले, म्हणजे ओबोचाच मोठा आणि खालच्या स्वरांचा भाऊ, वाजवावा लागतो, आणि तो बऱ्याचदा संस्थेचा किंवा उसना असतो. अशी उसनी वाद्ये बहुधा सेमी-ऑटोमॅटिक असतात. स्वतःच्या ओबोवर बाजूची कळ कधीच न दाबणाऱ्याला मध्यंतरात वाद्य बदलून दुसऱ्या अंकात वेगळ्या सवयीने वाजवावे लागले, तर पहिली बळी पडते ती वरच्या ए ची. ज्याचे शिक्षक, सहकारी आणि ऑर्केस्ट्रा सगळेच फुल ऑटोमॅटिक वाजवतात त्याने ते घ्यावे. एकट्याने, केवळ ‘ऑटोमॅटिक म्हणजे अधिक प्रगत’ या समजुतीने घेऊ नये. इथे प्रगत आणि मागास असा भेद नाही, सवय आणि परिसर यांचाच काय तो भेद आहे.

तिसरी ऑक्टेव्ह कळ वेगळी. ती सर्वांत वरच्या ई आणि त्यापुढच्या स्वरांना आधार देते आणि अंगठ्यानेच दाबली जाते. मोझार्टच्या एफ मेजर चतुष्टकात (के. 370) अगदी वरचा एफ येतो, आणि तिथे ही कळ असली की ओठांवरचा ताण कमी होतो. पण तो एफ या कळेशिवायही निघतो आणि पिढ्यान्‌पिढ्या निघत आला आहे. वाद्य अन्यथा उत्तम असेल तर केवळ तिसऱ्या ऑक्टेव्ह कळेच्या अभावापायी ते नाकारू नये.

आता जादा कळांकडे वळू, कारण विद्यार्थ्यांच्या आणि व्यावसायिकांच्या वाद्यांतला दैनंदिन फरक खरे तर इथे जाणवतो. पूर्ण कॉन्झर्व्हेटरी ओबोवर कळांचे साधारण 45 सुटे भाग असतात. विद्यार्थ्यांच्या, म्हणजे ‘मॉडिफाइड’ म्हणवल्या जाणाऱ्या वाद्यावर त्यांतले बरेच वगळलेले असतात. वगळण्यात गैर काही नाही, वाद्य हलके होते आणि कमी बिघडते. प्रश्न कोणत्या वगळल्या याचा आहे.

सर्वांत महत्त्वाचे ते एफचे प्रकरण. ओबोवर एफ तीन प्रकारे काढता येतो. नेहमीच्या एफमध्ये उजवी तर्जनी आणि मधले बोट छिद्रांवर, आणि अनामिका पुढे सरकून एफच्या कळेवर असते. पण डी किंवा ई फ्लॅट वाजवताना हीच अनामिका स्वतःच्या छिद्रावर गुंतलेली असते. डी वरून एफवर जायचे तर तिला छिद्रावरून उठून शेजारच्या कळेवर घसरावे लागते, आणि जोडून वाजवताना ते स्वच्छ होत नाही. यासाठी दुसरा प्रकार म्हणजे फोर्क्ड एफ: अनामिका जिथल्या तिथे ठेवून फक्त मधले बोट उचलायचे. बोटांना सोपे, कानाला मात्र बहुधा घुसमटलेले. म्हणून साध्या वाद्यांवर उजव्या करंगळीने ई फ्लॅटची कळही दाबून तो स्वर मोकळा करावा लागतो. चांगल्या वाद्यांवर फोर्क्ड एफ घेताच एक जादा छिद्र आपोआप उघडते आणि करंगळीची गरज उरत नाही. नव्या वाद्यावर आल्यावर ही जुनी करंगळी आठवणीने सोडावी लागते, नाहीतर एफ उगाच चढा लागतो. अनेक विद्यार्थी या एका कारणाने ‘नवे वाद्य बेसूर आहे’ अशी तक्रार घेऊन येतात.

तिसरा प्रकार म्हणजे डाव्या करंगळीखालची एफ कळ. तिने निघणारा एफ नेहमीच्या एफइतकाच भरदार असतो, कारण उघडणारे छिद्र तेच असते, फक्त बोट दुसरे. ई फ्लॅट मेजर, ए फ्लॅट मेजर, एफ मायनर, डी मायनर या स्वरसप्तकांत तिचे महत्त्व रोज पटते. तिच्यावर सर्व भार टाकून चालत नाही, कारण डाव्या करंगळीकडे जी शार्प, डावा ई फ्लॅट, खालचा बी आणि बी फ्लॅट हीही कामे असतात. खालच्या बी वरून थेट एफवर उडी असेल तर करंगळीला दोन्हीकडे पोहोचता येत नाही आणि फोर्क्ड एफच कामी येतो. म्हणूनच मी डावी एफ कळ आणि फोर्क्ड एफचे जादा छिद्र या दोन्हींचा आग्रह धरतो, त्यांपैकी एकाचा नव्हे.

खालच्या बी फ्लॅटबद्दल फारसा वाद नाही. साधी वाद्ये बी वर थांबतात, आणि वाद्यवृंदातल्या संगीतात बी फ्लॅट लागतो तेव्हा त्याला पर्याय नसतो. डावी ई फ्लॅट कळही बहुतेक चांगल्या वाद्यांवर असतेच: उजव्या करंगळीला सी, सी शार्प आणि ई फ्लॅट अशा तीन कळा सांभाळाव्या लागतात, आणि सी वरून ई फ्लॅटवर जाताना डाव्या करंगळीची मदत मिळाली की घसरगुंडी टळते. जी शार्पची जोडणी अशी असावी की जी शार्पची कळ दाबलेली असतानाही उजवी तर्जनी ठेवताच ते छिद्र बंद होईल. त्यामुळे एफ शार्प आणि जी शार्प यांची ट्रिल केवळ एका बोटाने निघते. बाकीच्या ट्रिल कळांची यादी माहितीपत्रकात लांबलचक असते. ती वाचून दबून जाऊ नये. त्यांतल्या काही वर्षातून एकदा लागतात.

हे सगळे झाले कळांबद्दल. पण वाद्याचा आवाज कळा ठरवत नाहीत. तो ठरतो नळीच्या आतल्या शंक्वाकार पोकळीने, छिद्रांच्या कडा कशा कोरल्या आहेत त्याने, लाकडाने आणि अर्थातच रीडने. एकच कारखाना एकाच कळरचनेचे दोन-तीन वेगवेगळ्या पोकळीचे ओबो बनवतो, आणि त्यांत एखाद्याला जो हाताशी येतो तो दुसऱ्याला जड जातो. म्हणून कळरचना आधी, घरी बसून, विचाराने ठरवावी. आणि त्या रचनेची जी वाद्ये मिळतील त्यांतून निवड मात्र फक्त फुंकून करावी. हा क्रम उलटा झाला की गडबड होते. आवाजाच्या मोहात फुल ऑटोमॅटिक घेतलेला आणि मग दोन वर्षे बाजूच्या कळेसाठी तर्जनी हवेत हलवणारा वादक मी पाहिला आहे.

चाचणीला जाताना स्वतःच्या ओळखीच्या, बऱ्यापैकी स्थिर रीड न्याव्यात, आणि शक्य असल्यास दोन लांबींच्या धातूच्या नळ्यांवर बांधलेल्या. 47 मिलिमीटरची नळी सर्वाधिक रूढ आहे, पण काही वाद्यांना 46 अधिक मानवते. ज्या रीडवर जुने वाद्य सुरेल होते तिच्यावर नवे वाद्य पहिल्या दिवशी सुरेल लागेलच असे नाही, आणि यात दोष वाद्याचा नसतो. वाद्य ए = 440 हर्ट्झला बनवले आहे की 442 ला, हेही विचारून घ्यावे.

आधी वाद्याची गळती पाहावी. वरच्या भागाची सर्व छिद्रे बोटांनी बंद करून, खालचे तोंड तळव्याने झाकून वरून हवा ओढली तर आतली निर्वात ओढ काही क्षण टिकली पाहिजे; लगेच सुटली तर कुठेतरी पॅड (छिद्र झाकणारी कळेखालची मऊ गादी) बसत नाही. कुठे ते शोधायला सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली धरून हलकेच ओढावी; जिथे ती विनाअडथळा सरकते तिथे गळती. एवढ्याने वाद्य वाईट ठरत नाही, बहुधा एका स्क्रूच्या पाव फेऱ्याचे काम असते, पण न जुळवलेल्या वाद्यावर बाकी कोणतीही परीक्षा घेण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला ते जुळवून द्यायला सांगावे आणि मगच पुढे जावे.

नंतर स्वरांची परीक्षा. खालचे सी, बी आणि बी फ्लॅट अगदी हळू आवाजात, जिभेने न हाणता सुरू होतात का ते पाहावे. तिन्ही प्रकारचे एफ एकामागून एक, डोळे मिटून वाजवावेत किंवा दुसऱ्याकडून ऐकावेत. फरक असणारच, पण तो वाक्यात लपण्याइतका असावा. मधला सी आणि त्यावरचा डी यांच्या मधला ओलांडा, दुसऱ्या सप्तकातील ई आणि एफ शार्प यांची स्थिरता, आणि जी शार्प ते ए हा ऑक्टेव्ह छिद्रांचा सांधा या तीन जागी मी सर्वाधिक वेळ घालवतो. ट्यूनरकडे पाहत वाजवू नये. आधी कानाने, एखाद्या अखंड ए च्या पार्श्वभूमीवर वाजवावे आणि मग ट्यूनरकडे नजर टाकावी, नाहीतर ओठ नकळत स्वर सावरून घेतात आणि वाद्याचा खरा कल कळत नाही. शेवटी आपल्याला चांगली येणारी एक संथ रचना पूर्ण वाजवावी आणि थकवा किती येतो ते पाहावे. पाच मिनिटांत मोहवणारे आणि अर्ध्या तासात दमवणारे ओबो असतात.

वापरलेले वाद्य घेत असाल तर वरच्या भागात, ट्रिलच्या छोट्या छिद्रांभोवती आणि ऑक्टेव्ह छिद्रांच्या आसपास, उजेडात फिरवून भेगा शोधाव्यात, कारण ग्रेनाडिला लाकूड सहसा तिथेच तडकते. पिना घालून नीट बुजवलेली जुनी भेग हे वाद्य नाकारण्याचे कारण नाही. लपवलेली भेग आहे. तापमान आणि आर्द्रता फार बदलणाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी वरचा भाग कृत्रिम द्रव्याचा असलेल्या किंवा आतून अस्तर लावलेल्या वाद्याचाही गंभीरपणे विचार करावा. ‘लाकडाशिवाय गोडवा नाही’ हे मत मी पडद्याआड वाजवून घेतलेल्या चाचण्यांत फारसे टिकताना पाहिलेले नाही.

सध्याच्या वाद्यात नेमके काय खुपते आहे, हे खरेदीपूर्वी दोन आठवडे एका वहीत टिपून ठेवावे, असा सल्ला मी देतो. कोणत्या रचनेत, कोणत्या मात्रेवर, कोणते दोन स्वर अडले, एवढेच लिहावे. वहीत सारखे ‘ई फ्लॅट ते एफ’ येत असेल तर उत्तर डावी एफ कळ आहे आणि ती अनेक मधल्या श्रेणीच्या वाद्यांवरही मिळते. ‘आवाज पोहोचत नाही’, ‘वरचे स्वर बारीक’ अशा नोंदी असतील तर कळांची यादी कितीही वाढवली तरी उपयोग नाही, तिथे पोकळी, रीड आणि श्वास पाहावे लागतील. आणि नोंदी ‘स्वर अडखळतो, कधी निघतो कधी नाही’ अशा असतील, तर नवे वाद्य घेण्यापूर्वी जुने एकदा चांगल्या कारागिराकडून पूर्ण जुळवून घ्यावे. ओबोचे जुळवणीचे स्क्रू वर्षभरात हमखास सरकतात, आणि पुष्कळदा माणूस वाद्याला कंटाळलेला नसतो, एका सैल स्क्रूला कंटाळलेला असतो.

नवे लाकडी वाद्य घरी आल्यावर पहिले काही आठवडे रोज थोडीच मिनिटे वाजवावे आणि वेळ हळूहळू वाढवावी. वाजवण्यापूर्वी वरचा भाग हातात धरून बाहेरून कोमट करावा, थंड लाकडात एकदम गरम श्वास सोडू नये, आणि प्रत्येक वेळी आतली ओल पुसून काढावी. पहिल्या तीन-चार महिन्यांत लाकूड आणि पॅड दोन्ही बसते होतात, त्यामुळे जुळवणी बिघडणे स्वाभाविक आहे. तेव्हा एकदा कारागिराकडे जाणे खरेदीच्या वेळीच ठरवून ठेवावे आणि तोपर्यंत जुना ओबो विकू नये.